माघार स्वस्त हवी

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघण्याआधी आम्ही पुण्यात सगळ्यांची एक बैठक घेतो. तिथे पहिला प्रश्न हमखास ऑक्सिजनचा येतो. "ताई, सिलिंडर असणार ना बरोबर?" मग शौचालयांचा, मग मोबाइल चार्जिंगचा. आणि बैठक उठता उठता कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "एखादा दिवस कमी होईल का? रजेचं जरा अवघड आहे." मला विचाराल तर सुरक्षिततेचा खरा प्रश्न हा शेवटचा. सिलिंडर उघडायची वेळ बहुतेकदा अशा कापलेल्या दिवसामुळेच येते.

आकडे मांडून पाहा. विमान उतरतं ते लुक्ला साधारण २,८६० मीटरवर. नामचे बाजार ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर आणखी काढावी. तेंगबोचे ते डिंगबोचे ५५० मीटर, डिंगबोचे ते लोबुचे ५३०. दोन्ही टप्पे नियमाच्या किंचित बाहेरच आहेत. त्यांना सांभाळून घेते ती डिंगबोचेची दुसरी रात्र. ती काढून टाकली की माणूस लागोपाठ दोन मुक्कामांत १,०८० मीटर वर जातो. आणि रजा वाचवायची म्हटली की कुऱ्हाड पडते ती नेमकी याच रात्रीवर, कारण कागदावर त्या दिवशी आपण कुठेच जात नाही. खरं तर त्या दिवशी गावामागच्या नांगकार्त्शांगच्या धारेवर जमेल तितकं चढायचं असतं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं असतं. कार्यक्रमपत्रिकेत आता आम्ही त्या दिवसापुढे हा चढच छापतो. तेव्हापासून तो दिवस गाळा असं कोणी फारसं सुचवत नाही.

बेस कॅम्पच्या आसपास हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच; पण हवा विरळ, म्हणून प्रत्येक श्वासातून कमी मिळतो. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास वाढवतं, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल नव्यानं जुळवतात. या कामाला दिवस लागतात आणि ते कोणाच्या इच्छेवर किंवा तयारीवर चालत नाही. आपल्याकडची तयारी म्हणजे दर रविवारी सिंहगड, जमलं तर कळसूबाई. महाराष्ट्रातलं ते सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचं. त्यानं पाय तयार होतात, दम वाढतो, आणि तो हवाच. उंचीशी शरीराची ओळख मात्र होत नाही. उलट सिंहगड चाळीस मिनिटांत चढणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण ते खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागातही, सर्वांच्या पुढे जाऊन लॉजच्या पायरीवर बसलेले असतात. संध्याकाळी जेवणाकडे बघवत नाही असे बरेचदा तेच.

विरळ हवेचा त्रास तीन प्रकारचा. पहिला साधा : डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. थांबलं, पाणी प्यायलं, विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत बहुतेकांचा ओसरतो. दुसरा फुप्फुसात पाणी होण्याचा. त्यात बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो. तिसरा मेंदूला सूज येण्याचा. त्यात माणूस झिंगल्यासारखा चालू लागतो, बोलणं विसंगत होतं. या दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो आणि दोन्हींवरचा खरा इलाज एकच, खाली उतरणं.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगतो, कागदावर छापून देतो. ते ऐकून-वाचूनही लोक त्रास लपवतात. का लपवतात, हे मला एका जोडप्यामुळे नीट कळलं.

साताऱ्याकडचे दोघं, पन्नाशी ओलांडलेले. काकांच्या डोक्यात बेस कॅम्प कॉलेजपासून होता. काकू त्यांच्यासाठी आल्या होत्या. पण चालायला काकाच मागे पडत. डिंगबोचेला पोचलो त्या संध्याकाळी आमच्या गटाच्या शेवटी चालणाऱ्या सहायक गाईडनं मला बाजूला बोलावलं. "दिदी," तो म्हणाला, "दुपारपासून काकूंनी बाटलीला तोंड लावलेलं नाही. आणि शेवटच्या तासात त्यांची काठी दोनदा भलत्याच जागी टेकली." मी खोलीत गेले. डोकं दुखतंय का, विचारलं. "छे, जरा दमलेय." लॉजची जमीन लाकडी फळ्यांची होती. एका फटीवरून टाचेला अंगठा लावत चालून दाखवा म्हटलं. तिसऱ्या पावलाला त्यांचा हात भिंतीवर गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

डिंगबोचेजवळच्या पेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ पासून नेपाळमध्ये काम करते आणि हंगामात तिथे डॉक्टर असतात. त्यांच्याशी फोनवर बोलून मेंदूच्या सुजेवरचं डेक्सामेथासोन दिलं, ऑक्सिजन लावला आणि हेडलॅम्पच्या उजेडात काकूंना खालच्या पांगबोचेकडे उतरवायला सुरुवात केली. बरोबर सहायक गाईड, दोन पोर्टर आणि काका. सकाळपर्यंत काकू सरळ चालू लागल्या होत्या.

परतताना नामचेला भेटल्या तेव्हा मी विचारलं. "डोकं तर तेंगबोचेपासूनच ठणकत होतं," त्या म्हणाल्या. "पण मी उतरते म्हटलं असतं तर ह्यांनाही उतरावं लागलं असतं. किती वर्षांचं ह्यांचं मनात होतं." पुण्यातल्या बैठकीत सगळ्यांत व्यवस्थित नोंदी याच बाईंनी घेतल्या होत्या. त्यांना माहीत नव्हतं असं एकही लक्षण नव्हतं.

तेव्हापासून मी माहिती वाढवण्याच्या नादाला फारशी लागत नाही. भरलेले पैसे, वर्षभर साठवलेली रजा, विमानतळावर हार घालून दिलेला निरोप, सोसायटीच्या ग्रुपवर रोज पडणारे फोटो, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचं बिघडेल ही भीती, हे सारं माघारी फिरणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं. डोकेदुखी त्या मानानं स्वस्त पडते, म्हणून माणूस ती सोसतो. आयोजकानं माघारीची किंमत उतरवली तरच तो बोलेल. आमचे बहुतेक नियम या एका विचारातून आलेत.

आता आम्ही चार-पाच जणांमागे एक सहायक गाईड ठेवतो. एकाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर जाणारा माणूस असतो आणि बाकीच्यांचा ट्रेक अडत नाही. नामचेला एक खोली आमच्या नावावर राहते. उतरलेला माणूस तिथे थांबतो, बरं वाटलं तर आसपास भटकतो, परतीला आम्हाला मिळतो. त्याचा जास्तीचा खर्च आधीच शुल्कात धरलेला असतो. वापरला नाही तर परत मिळतो. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, मित्र-मित्र असे जे जोडीनं येतात त्यांना पुण्यातच वेगवेगळं बसवून विचारतो : दुसरा उतरला तर तुम्ही काय करणार? उत्तर एकमेकांसमोर वाचून दाखवतो. यात दोन-तीन वेळा चांगली भांडणं झाली आहेत. ती पुण्यात झालेली बरी. बेस कॅम्पला पोचल्याचं प्रमाणपत्र आम्ही देत नाही आणि तिथल्या दगडापाशी फोटोसाठी धरायचा फलकही नेत नाही. यामुळे आमचा दर इतरांपेक्षा जास्त पडतो, काही लोक दर ऐकून फोन ठेवतात. ठेवू देत.

रोज सकाळी प्रत्येकाला एकटं गाठून विचारायचं, हाही त्यातलाच नियम. जेवणघरात सगळ्यांसमोर "कसं वाटतंय?" विचारलं तर मराठी माणूस "मस्त!" याखेरीज काही म्हणणार नाही. पाठपिशवी बाहेर काढताना, बुटाची नाडी बांधताना विचारलं की खरं बाहेर येतं. डॉक्टर वापरतात ती लेक लुईसची मोजणी आम्हीही वापरतो : डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा अधिक, तर तो माणूस त्या दिवशी वर जात नाही. ही अट पुण्यात जाहीर केलेली असल्यामुळे वर हुज्जत होत नाही. विचारूनही "नाही" म्हणणारे असतातच. त्यांच्याबद्दल खरं सांगतात ते शेवटी चालणारा गाईड, ताटात उरलेला डाळभात आणि न उघडलेली बाटली.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं आम्ही फार कौतुक करत नाही. गार पडलेली बोटं, नेलपॉलिश, यांनी आकडा भलताच येतो. शिवाय संध्याकाळी लॉजमध्ये त्याची स्पर्धा सुरू होते. "माझा ८८, तुझा किती?" ज्याचा कमी त्याचं तोंड उतरतं, ज्याचा जास्त तो दुसऱ्या दिवशी पळत सुटतो. आम्ही आकडा लिहून घेतो तो त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी ताडून बघायला. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे तर सरळ घरी ठेवा. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरनं पाच मिनिटांत संपतो. गॅमो बॅग, म्हणजे आजाऱ्याला आत झोपवून पायपंपानं दाब वाढवायची पिशवी, ही मात्र कामाची. आतल्या माणसाला दीड-दोन हजार मीटर खाली उतरल्यासारखा दाब मिळतो. पण पंप मारत राहावं लागतं आणि बाहेर काढल्यावर त्रास परत येऊ शकतो. तिनं वेळ मिळतो, तो उतरण्यासाठी वापरायचा. डायमॉक्सच्या गोळीबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, जणू ती लबाडी आहे. १२५ मिलिग्रॅम दोन वेळा हा प्रतिबंधाचा नेहमीचा डोस. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. ही गोळी उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते, पण चुकीचं वेळापत्रक दुरुस्त करत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. आणि लसणाचं सूप? प्रत्येक लॉजमध्ये त्याची महती सांगतात. थंडीत ते उत्तम लागतं, जरूर प्या. इलाज म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून एकट्यानं फिरणाऱ्या परदेशी ट्रेकरना गाईड सक्तीचा केला. चांगलं केलं. पण गाईड असणं आणि गाईडचा शब्द चालणं यांत अंतर आहे. आपली मंडळी त्याला नावानं हाक मारतात, तो त्यांना "सर" म्हणतो. सरांना "तुम्ही आज वर जायचं नाही" कसं सांगणार? त्यात त्याची टिप शेवटच्या संध्याकाळच्या मूडवर ठरते आणि मूड चांगला असतो तो बेस कॅम्प गाठलेल्यांचा. म्हणजे गिऱ्हाइकाला परत फिरवणारा गाईड स्वतःच्या खिशाला कात्री लावतो. आम्ही टिप शुल्कातच घेतो आणि लुक्लाला सगळ्यांना ठरलेली रक्कम देतो, कोणी कुठपर्यंत पोचो. पहिल्या दिवशी फाकडिंगला गटासमोर सांगतो, की दाइ "थांबा" म्हणाले की थांबायचं. त्यांचा निर्णय मीही बदलणार नाही. वयानं मोठ्या शेर्पा गाईडला आम्ही "दाइ" म्हणतो. तेवढ्या एका संबोधनानंही गटाचं वागणं बदललेलं मी पाहिलंय.

पोर्टर हा या सगळ्यात विसरला जाणारा माणूस. तो पहाडातला, त्याला काय होतंय, असा आपला समज. खुंबूत ओझी वाहणारे सगळे शेर्पा नसतात. कित्येक जण खालच्या डोंगरांतले राई, तमांग असतात, काही शिकणारी पोरं असतात, आणि विरळ हवा त्यांनाही सोडत नाही. आजारी पोर्टरला मजुरी हातात देऊन एकट्याला खाली धाडायची रीत इथे होती, आणि त्यात माणसं गेली. अशाच एका पोर्टरच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप उभा राहिला; गोक्योच्या खोऱ्यात माछेर्मोला त्यांनी पोर्टरांसाठी निवारा आणि मदतकेंद्र बांधलं. आमच्या सकाळच्या कागदावर आता पोर्टरांचीही नावं असतात. तो आजारी पडला तर त्याच्याबरोबरही माणूस उतरतो. गंमत अशी, की हे पाहिल्यावर ट्रेकर जास्त मोकळेपणानं बोलतात. पोर्टरला सांभाळून उतरवणारे आपल्यालाही हाकलून देणार नाहीत, एवढं त्यांना कळतं.

हवामानाचं प्रकरण वेगळं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचाच उरलेला जोर १४ तारखेला अन्नपूर्णेच्या भागात बर्फ होऊन कोसळला आणि थोराँग ला या ५,४१६ मीटर उंचीच्या खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळाची बातमी दोन दिवस टीव्हीवर होती. खिंडीखालच्या लॉजमधल्या अनेकांपर्यंत ती पोचली नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट बिघडलेल्या हवेत सापडला, त्यातले ९ जण दगावले. खुंबूत निदान मोबाइल बऱ्याच ठिकाणी लागतो. उत्तराखंड-हिमाचलच्या कितीतरी वाटांवर दिवसच्या दिवस रेंज नसते, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरणं भारतात गुन्हा आहे. सीमेचा प्रश्न मला समजतो. पण नोंदणीकृत आयोजकांना ठरलेल्या वाटांसाठी ही परवानगी सोप्या रीतीनं मिळायला हवी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

आमच्यापुरता उपाय साधा आहे. पुण्यात आमचा एक माणूस रोज संध्याकाळी अंदाज बघतो आणि वर निरोप देतो. तो "थांबा" म्हणाला तर आम्ही थांबतो. वर पाच हजार मीटरवर, अर्धवट झोपेत, शिखरं समोर दिसत असताना माझी बुद्धी पूर्ण चालते असं मी धरून चालत नाही. त्याची चालते. त्यानं चहा घेतलेला असतो आणि त्याच्या खोलीत हवा भरपूर असते.

हेलिकॉप्टरच्या भरवशावर कोणी राहू नये. ढगात ते उडत नाही, रात्री येत नाही, आणि मेंदूची सूज सकाळची वाट पाहत नाही. शिवाय त्या धंद्यात विम्याच्या पैशांसाठी खोट्या सुटका झाल्याचं २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झालं आहे. त्यानंतर विमा कंपन्या कागदपत्रं बारकाईनं तपासू लागल्या तर नवल नाही. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक धरतच नाहीत. बारीक अक्षरांतली ती ओळ निघण्याआधी शोधा, नामचेला शोधून उपयोग नाही.

पुढच्या हंगामाचं बुकिंग आता सुरू होईल. पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा. सिलिंडर आहे का, हे विचारू नका. सगळे "आहे" म्हणतात. विचारा, "डिंगबोचेला मला बरं वाटलं नाही, तर माझ्याबरोबर खाली कोण येणार, मी कुठे राहणार आणि त्याचे पैसे कोण देणार?" उत्तर लगेच आलं आणि त्यात एका ठरलेल्या माणसाचा उल्लेख असला, तर जा. "तसं काही होत नाही हो" असं म्हणाले, तर दुसरा आयोजक बघा.